कुठला मानपाडा?

शिक्षिका : काका, समजा एक जर्मन माणूस डोंबिवलीला पूर्वेला उतरला. खिशात मराठी संभाषणाचं छोटं पुस्तक. त्यातलं एक वाक्य त्यानं मन लावून पाठ केलंय, "मला मानपाड्याला जायचं आहे." रिक्षावाल्यासमोर उभा राहून तो ते अगदी स्वच्छ म्हणतो. आता रिक्षावाला काय म्हणेल? "कुठे, रोडला मध्येच उतरायचंय की पार सर्कलला?" शेजारचा म्हणेल, "अहो, यांना ठाण्याचा मानपाडा हवा असेल, घोडबंदर रोडचा. मग इथे कशाला उतरलात?" तिसरा सांगेल, "शेअरची लाइन पुढे आहे, तिकडे जा." यातलं एकही वाक्य पुस्तकात नाही. शिवाय त्याचं पहिलं वाक्य जितकं स्वच्छ, तितके हे तिघं भरभर बोलणार, कारण याला मराठी येतं असंच ते धरून चालणार. माझा आक्षेप इथेच आहे. तुमचं खिशातलं पुस्तक विचारायला शिकवतं, उत्तर ऐकायला शिकवत नाही. आणि परक्या गावात आपलं काम अडतं ते उत्तरापाशी.

प्रवासी : तुझा तो जर्मन माणूस शेवटी मानपाड्याला पोचला की नाही, ते तू सांगितलंच नाहीस. मी सांगतो, पोचला. त्याच्याभोवती तीन माणसं गोळा झाली होती ना? त्यातल्या एकानं त्याला हाताला धरून शेअर रिक्षात बसवलं असणार. तोंडातून एक शब्द न काढता तो नुसता उभा राहिला असता, तर त्या गर्दीत कुणी वळूनही पाहिलं नसतं.

आता माझं ऐक. मी सदुसष्टाव्या वर्षी जर्मनीला गेलो, लेकीच्या बाळंतपणाला, आम्ही दोघं. व्हिसा हातात पडला तेव्हा निघायला पाच आठवडे राहिले होते. तुझ्या वर्गात बसलो असतो तर तेवढ्या वेळात "माझं नाव, माझं गाव, माझे छंद" इथवर आलो असतो. मला छंद सांगायचे नव्हते. दूध कुठलं आणि ताक कुठलं, गाडी कुठल्या फलाटावर, रात्री बाळाला बरं नसलं तर कुठे धावायचं, एवढंच हवं होतं. ते सगळं त्या पुस्तकात प्रकरणवार मांडलेलं होतं. सकाळी मानपाडेश्वराला चालत जाताना रोज पाच वाक्यं घोकायचो. जाईपर्यंत दीडशेच्या वर झाली.

आणि फक्त वाक्यांचाच प्रश्न नव्हता. मुलीच्या परदेशातल्या घरी गेलेला बाप कसा बसून असतो, ते मी आमच्या सोसायटीतल्या चार जणांच्या तोंडून ऐकलं होतं. दूध आणायलासुद्धा जावई ऑफिसातून यायची वाट बघायची. खिडकीतून रस्ता बघायचा आणि दिवस मोजायचे. माझं तसं झालं नाही. तिसऱ्या दिवशी मी एकटा जाऊन पाव आणला. त्या घरात मी कामाचा माणूस होतो, आणि ते त्या पुस्तकामुळे.

शिक्षिका : ते मी नाकारत नाही. पण जिऱ्याची गोष्ट काकूंनी मला सांगितली आहे. ती तुम्ही सांगा, कारण ती माझ्या बाजूची आहे असं मला वाटतं.

प्रवासी : सांगतो, मग कुणाच्या बाजूची ते ठरव. घरातले जिरे संपले. बाळंतिणीच्या खाण्यात जिरे हवेतच. पुस्तकात खाण्याच्या प्रकरणात मसाल्यांची यादी होती आणि जिऱ्यापुढे शब्द होता "क्युमेल". मी दुकानात जाऊन क्युमेल मागितलं, मिळालं. घरी हिनं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, हे जिरे नव्हेत. शहाजिऱ्यासारखं दिसत होतं, वास उग्र. संध्याकाळी लेकीनं उलगडा केला. आपल्या जिऱ्याला तिकडे "क्रॉइत्सक्युमेल" म्हणतात. नुसतं क्युमेल म्हणजे वेगळं बी. पुस्तक चुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ती डबी घेऊन औषधांच्या दुकानात गेलो. किराणा दुकानात विचारायला कुणी मोकळं नसतं, औषधवाले थांबून ऐकतात, एवढं तोवर कळलं होतं. मी म्हणालो, "टोख्टर, बेबी, मिल्श," आणि डबी पुढे केली. मुलगी, बाळ, दूध, एवढेच तीन शब्द. गल्ल्यावरच्या बाई क्षणभर थांबल्या, आत गेल्या आणि एक खोकं घेऊन आल्या. "श्टिलटे", अंगावर पाजणाऱ्या आईचा चहा. खोक्यावर तीन बियांची चित्रं होती. एक बडीशेप, एक तिच्याच चुलत घरातली अनीस, आणि तिसरं आमच्या डबीतलं क्युमेल! आपल्याकडे बाळंतिणीला बडीशेप देतात, बाळंतशेपा देतात, ओवा देतात. तिकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ तेच देत आल्या आहेत. हिनं त्या बाईंचा हात हातात घेतला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दोघी हसत होत्या.

शिक्षिका : सुंदर आहे. पण काका, यात पुस्तकाचं श्रेय किती? पुस्तकानं चुकीचा शब्द दिला. तुम्ही वाक्य बोललाच नाहीत, तीन सुटे शब्द बोललात, आणि म्हणूनच तिनं सावकाश विचार केला. काम झालं ते त्या बाईंच्या धीरामुळे. तो धीर प्रत्येक वेळी मिळेल असं धरून प्रवास करता येत नाही. औषधांच्या दुकानात मिळेल, रेल्वेच्या फलाटावर नाही मिळणार.

म्युनिकहून दक्षिणेला डोंगराकडे जाणारी एक गाडी आहे. ती होल्त्सकिर्शेन स्टेशनात तोडतात. काही डबे बायरिशत्सेलला जातात, काही लेंगग्रीस आणि टेगर्नझेकडे, आणि त्यांचेही पुढे शाफ्टलाखला पुन्हा दोन भाग होतात. पुस्तकातलं वाक्य तुम्ही बिनचूक म्हणाल, "ही गाडी टेगर्नझेला जाते का?" उत्तर येईल, "जाते, पण तुम्ही पुढच्या भागात बसा, मागचा भाग दुसरीकडे जातो." त्यातलं तुम्हाला फक्त पहिलं "या" कळणार. या म्हणजे हो. तुम्ही निश्चिंत होऊन मागच्या डब्यात बसाल आणि भलत्याच दरीत उतराल. काहीच आलं नसतं तर तुम्ही तिकीट दाखवून बोटानं विचारलं असतं, आणि त्यानं बोटानंच डबा दाखवला असता. अर्धवट वाक्यानं तुमचं नुकसान केलं. अजिबात न येणाऱ्या माणसाला जग सांभाळून घेतं. येतंय असं वाटणाऱ्याला ते सोडून देतं.

प्रवासी : मग न शिकलेलंच बरं, असं म्हणतेस?

शिक्षिका : नाही. हे पुस्तक ज्या वाटेनं शिकवतं, ती वाट आपली नाही, असं म्हणते. तुमचं पुस्तक इंग्रज माणसासाठी लिहिलेलं आहे. त्याला जे अवघड ते त्यात समजावून सांगितलंय, जे सोपं ते सोडून दिलंय. आपलं अवघड आणि सोपं वेगळं असतं. आकड्यांचंच घ्या. जर्मनमध्ये आधी एकक, मग दशक. त्रेसष्टला "ड्राय-उंट-झेख्त्सिश", तीन आणि साठ. इंग्रजी पुस्तक इथे वाचकाला बजावतं की सावध, यांचे आकडे उलटे असतात. उलटे कुणाला? आपण त्रेसष्टच म्हणतो, आधी त्रे, मग सष्ट. सत्तेचाळीस, पंचावन्न, बाहत्तर, सगळ्यांची घडण तीच. फक्त एकोणतीस, एकोणचाळीस इथे आपण वेगळे पडतो. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला "वीस एक" म्हणायची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं होतं. मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. मुलांना जोडाक्षरांचे आकडे जड जातात, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ज्याच्या कानात एकवीस-बावीस बसलंय, त्याला जर्मन आकडे शिकवताना माझा अर्धा तास वाचतो, हेही खरं आहे.

लिंगांचंही तसंच. तीन लिंगं म्हटलं की इंग्रज घाबरतो. आपल्या घरात तो, ती, ते आहेतच. "मेडशेन" म्हणजे मुलगी, आणि तो शब्द नपुंसकलिंगी. इंग्रजाला हा अन्याय वाटतो. मी वर्गात एवढंच विचारते, लेकरू तो, ती की ते? वासरू, पाखरू, कोकरू? लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागला की आपणही "ते"च म्हणतो. आणि मान देऊन बोलायचं ते "झी". पुस्तकात लिहिलंय, "तुम्ही, आदरार्थी." पण ते खरं तर "ते"चं, अनेकवचनाचं रूप आहे. "काका आले" म्हणताना आपण एकाच माणसाला अनेकवचन लावतो ना, तशीच ही गोष्ट आहे. हे मराठी माणसाला एका ओळीत सांगता येतं, आणि बाजारातल्या पुस्तकात ती ओळ नाही.

प्रवासी : हे मला निघण्यापूर्वी कुणी सांगायला हवं होतं. विशेषतः वेळेचं. तिकडे बाळंतपणानंतर सुईण घरी येऊन बाळाला आणि आईला तपासते, विम्यातच असतं ते. तिचा फोन आला तेव्हा लेक झोपली होती. मी घेतला. ती म्हणाली, "हाल्ब नॉइन." हाल्ब म्हणजे अर्धा, नॉइन म्हणजे नऊ, हे मला पाठ होतं. मी साडेनऊ लिहून ठेवले. ती साडेआठला दारात उभी. बाळाची आंघोळ चाललेली, घर पसरलेलं, लेक अवघडली. पुस्तकात "किती वाजले" असं एक पान होतं, पण त्या घाईत मला माझं साडेनऊच आठवलं.

शिक्षिका : हाल्ब नॉइन म्हणजे नवव्यातला अर्धा. आठ पूर्ण झाले, नवव्यातला अर्धा झाला. तुम्हाला हे परकं वाटलं, पण तुम्ही रोज अशीच मोजणी करता, काका. अडीच कुठून आला? संस्कृतातल्या अर्धतृतीयातून. तिसऱ्यातला अर्धा. दोन पूर्ण, तिसरा अर्धा, म्हणून अडीच. दीडही तसाच, द्व्यर्ध, दुसऱ्यातला अर्धा. जर्मनमध्ये दीडला "आंडर्टहाल्ब" म्हणतात, आणि त्यातल्या "आंडर"चा जुना अर्थ दुसरा असाच आहे.

प्रवासी : थांब, मग औट? माझे वडील आम्हा भावंडांकडून पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी म्हणून घ्यायचे. औट म्हणजे साडेतीन. औट हाताचा देह म्हणतात तो.

शिक्षिका : अर्धचतुर्थ. चौथ्यातला अर्धा. साडेआठला हाल्ब नॉइन म्हणणं आणि साडेतीनला औट म्हणणं, दोन्हीमागे मोजणारं डोकं एकच आहे. तुमच्या वडिलांनी ज्या पद्धतीनं पाढे म्हणून घेतले, तीच ती सुईण फोनवर बोलत होती.

प्रवासी : बघ, तूच आता माझ्या बाजूला आलीस. तुझा राग संभाषणाच्या पुस्तकावर नाहीच. ते आपल्यासाठी लिहिलेलं नाही, यावर आहे. मग लिही की तू. मराठी माणसासाठी, औटकीपासून सुरुवात करून. तू लिहिलेलं पुस्तक खिशात असतं तर सुईण आली तेव्हा घर आवरलेलं असतं.

शिक्षिका : मलाही हा मोह होतो. पण हा पूल थोड्या अंतरापर्यंतच जातो. उच्चाराचं उदाहरण देते. मराठीत च दोन आहेत, चहातला आणि चमच्यातला. हा चमच्यातला च इंग्रजांना शब्दाच्या सुरुवातीला जमत नाही. जर्मनचा "त्स" जवळजवळ तोच आहे. गाडीला जर्मनमध्ये जो शब्द आहे, त्याच्या शेवटच्या ग चा उच्चार क होतो, आणि तो शब्द कानाला हुबेहूब आपल्या "चूक" सारखा लागतो. मी वर्गात फळ्यावर "चूक" लिहिते आणि म्हणते, ही तुमची आगगाडी. एका मिनिटात सगळ्यांना जमतं. मग पुढचा शब्द येतो, खोली, "त्सिमर". तोच आवाज, पण पुढे इ. आणि इ आली की मराठी जीभ आपोआप चहातल्या च कडे वळते. मुलं "चिमर" म्हणतात. आता देवनागरीत कसं लिहू? "मी" या अर्थाचा "इश", त्यातला शेवटचा आवाज श आणि ह यांच्या मधला आहे. त्याला आपल्याकडे अक्षर नाही. पुस्तकात मी "इश" छापणार, आणि वाचणारा आयुष्यभर तेच म्हणणार. कान तयार व्हायच्या आधी अक्षर डोळ्यांत बसलं की ते निघत नाही.

माक्सिमिलियान बर्लिट्सनं 1878 साली अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला भाषांची शाळा काढली. मूळ वुर्टेम्बर्गचा माणूस, तुमच्या लेकीच्या राज्यातला. त्याची पद्धत अशी की वर्गात भाषांतर करायचंच नाही. वस्तू दाखवायची, शब्द ऐकवायचा. पुढे त्याच्याच नावानं खिशातली संभाषण-पुस्तकं जगभर खपली, डाव्या बाजूला आपलं वाक्य आणि उजवीकडे भाषांतर. मला याचं वाईट वाटतं. लोकांना पद्धत नको होती, पान हवं होतं.

प्रवासी : लोकांना पान का हवं असतं, याचाही विचार कर. तूच एकदा सांगितलं होतंस, जर्मन मुलखातून जाणाऱ्या वाटसरूसाठी लिहिलेली वाक्यांची यादी सुमारे अकराशे वर्षांपूर्वीची सापडली आहे. रात्री कुठे उतरलास, माझा घोडा आण, असली वाक्यं, आणि भांडण झालंच तर एकदोन शिव्याही. छापखाना नव्हता, तेव्हा कुणीतरी हातानं लिहून ठेवलं, कारण संध्याकाळ झाली की आसरा मागावा लागतो आणि व्याकरण पुरं व्हायला वेळ नसतो.

फोनबद्दल तू अजून बोलली नाहीस, पण बोलशील. फोन तोंडानं बोलून दाखवतो, उत्तरही भाषांतर करून देतो, मला ठाऊक आहे. जावयानं तोच दिला होता. पण फोन पुढे केला की समोरचा माणूस फोनशी बोलतो. पुस्तक उघडून शब्दावर बोट ठेवलं की तो वाकून बघतो, मग पान उलटून त्याच्या शब्दावर बोट ठेवतो. एकाच पानावर दोन बोटं. तो फरक मी अनुभवला आहे.

शिक्षिका : फोनबद्दल मी वाद घालणार नाही, ते मला पटलं. पण वाटसरूची गोष्ट वेगळी आणि राहायला जाणाऱ्याची वेगळी. माझ्याकडे आता बहुतेक राहायला जाणारेच येतात. 2024 साली महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेम्बर्गशी कुशल माणसं पाठवायचा करार केला, तेव्हापासून नर्सिंग झालेल्या मुली, इलेक्ट्रिशियन, स्वयंपाकी, सगळे चौकशीला येतात. त्यातले निम्मे विचारतात, "मॅडम, कामापुरतं शिकवा ना, रोजची शंभर वाक्यं." मी त्यातल्या नर्स मुलीला सांगते, "कुठे दुखतंय?" हे वाक्य तुला दोन मिनिटांत शिकवते. पण म्हातारा पेशंट रात्री तीन वाजता दात काढून ठेवलेल्या तोंडानं, आपल्या गावच्या बोलीत सांगेल, कधीपासून, कसं, कुठून कुठे सरकतंय. तुझं काम ते ऐकण्याचं आहे, विचारण्याचं नाही. पुस्तकानं भाषेची जी कल्पना डोक्यात बसते, मला हवं ते मागितलं की मिळालं, ती त्या मुलीसाठी धोक्याची आहे.

गुंथर सोंथायमर आठवतात मला. हायडेलबर्गचे प्राध्यापक, 1992 मध्ये गेले. खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा यांच्यावर त्यांनी जे काम केलं ते धनगरांबरोबर रानात हिंडून, त्यांच्या ओव्या ऐकून. त्यांना धनगरांकडून काही मागायचं नव्हतं, ऐकायचं होतं. भाषा अशी येते.

प्रवासी : सोंथायमरांना आयुष्य होतं त्यासाठी. मला तीन महिने होते. आणि एक सांगू? पहिल्या दिवशी कुणालाच ऐकता येत नाही. धनगराच्या वाड्यावर पहिल्यांदा गेले असतील तेव्हा त्यांनीही आधी राम राम केला असेल, पाणी मागितलं असेल. मागणं वाईट नसतं. आपण ज्याच्याकडे मागतो त्याला आपण मोठं करतो. मी वाक्य चुकत चुकत म्हणायचो तेव्हा समोरच्याला कळायचं की हा माणूस माझ्या भाषेसाठी पाच आठवडे बसला होता.

पण तुझं उत्तराचं म्हणणं मला आता बोचतं, आणि कारण वेगळं आहे. नात आता तीन वर्षांची झाली. लेक आणि जावई घरात मराठीच बोलतात, तिला सगळं कळतं. शाळेत जायला लागल्यापासून उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. मी फोनवर विचारतो, "जेवलीस का गं? काय खाल्लंस?" ती तिकडून भरभरून काहीतरी सांगते, हातवारे करून, आणि मग माझ्याकडे बघत थांबते. लेक शेजारी असली तर सांगते. नसली तर आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहतो. माझा प्रश्न तिला कळतो. तिचं उत्तर मला कळत नाही. तीन वर्षांच्या मुलाची वाक्यं कुठल्याच पुस्तकात नाहीत, मी सगळं चाळलं.

शिक्षिका : म्हणून तर म्हणते, वर्गाला या.

प्रवासी : येईन. पण वर्गात माझे छंदच विचारशील तू.

शिक्षिका : नाही विचारणार. तुमच्या पुस्तकात शेवटी कोरी पानं असतील ना? तिचे शब्द ऐकू येतील तसे त्यावर लिहा. देवनागरीत लिहा, उच्चाराचं मघाशी बोलले ते सोडून द्या. ते माझ्याकडे आणा. ती जे बोलते, तेवढंच आपण शिकू.

प्रवासी : एक लिहिलं आहे. हे बघ, "नोख माल, ओपा." ओपा म्हणजे आजोबा, ते ठाऊक आहे. चिमणीच्या मेणाच्या घराची गोष्ट संपली की ती हे म्हणते. दर वेळी. आधी वाटलं, तिला कंटाळा आला. मी फोन ठेवायला निघालो की रडायची.

शिक्षिका : "पुन्हा एकदा," म्हणतेय ती. "पुन्हा सांगा, आजोबा."

प्रवासी : पुन्हा... आणि मी ठेवून देत होतो. बरं, मग यापुढे तिला हे वाक्य मराठीत म्हणायला लावू? की तिनं "नोख माल" म्हटलं की मी गोष्ट सांगायला लागू? लावलं नाही तर ती मराठी बोलणार कधी? लावलं तर एखाद्या दिवशी गोष्टच मागायची नाही.

शिक्षिका : ते मलाही ठरवता येत नाही, काका. आधी तिची आणखी वाक्यं आणा.